राजा लढतो की रडतो

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले दिग्दर्शक साहेब. ज्यांच्या अद्भुत कादंबरीवर आपण चित्रपट केला त्या व्यासपीठावरच्या लेखिका. आज निवृत्त होणाऱ्या आपल्या टायपिस्ट बाई. आणि चहा थंड होत असतानाही जागेवरून न हललेले माझे सहकारी,

लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलंय. का, ते शेवटी सांगतो.

बाईंबद्दल सगळे चांगलं बोलले. मी खरं बोलतो. गेली नऊ वर्षं मी या बाईंवर जळतोय.

चित्रपट सुरू कुठून करायचा, यावर वरच्या खोलीत अकरा दिवस आमची डोकेफोड चालली होती. लेखिकांना उडता डोंगर आधी हवा होता, साहेबांना युद्ध. मी म्हटलं, मनोऱ्यावर पंखवाला अजगर उतरतो आणि राजा एकटा लढतो. बाराव्या दिवशी दोघं हो म्हणाले. मी दृश्य लिहिलं, बाईंनी टाइप केलं, साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "मनोऱ्यावर अजगर उतरतो. राजा एकटा रडतो."

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

साहेब म्हणाले, "का रडतोय? हे कळेपर्यंत कोणी खुर्चीतून उठणार नाही." लेखिका म्हणाल्या, "अहो, तो अजगर त्यानंच लहानपणी पाळलेला. पुस्तकात आहे की. मीच विसरले."

पुढचं तुम्ही पडद्यावर पाहिलंत. एकशे बारा दृश्यं मी लिहिली, पण लोक अडवून विचारतात ते पहिल्याचंच, "राजाला रडवायचं सुचलं कसं हो?" मी काय सांगायचो? "सुचलं, झालं." बक्षीसही मीच घेतलं. बायको म्हणायची, "बाईंचं नाव तरी घ्यायचं होतंत." मी म्हणायचो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, चुकीला कसलं बक्षीस? तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच. आणि बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा म्हणाल्या, "दादा, तुमचं भाषण द्या इकडे. शेवटचं काम माझं." मघाशी इथे बसल्यावर कागद उघडला. मी हातानं लिहिलं होतं, "मला बाईंचा अभिमान वाटतो." टाइप होऊन आलंय, "मला बाईंचा हेवा वाटतो."

लढतो आणि रडतो, एक वेळ बोट घसरलं म्हणू. पण अभिमान आणि हेवा? बोट इतकं लांब घसरत नाही. तेव्हाही घसरलं नव्हतं ना, बाई? तुम्ही पुस्तक वाचलं होतंत. आम्ही त्यावर नुसत्या बैठका घेतल्या.

बक्षीस घरी कपाटावर आहे. उद्या सकाळी तुमच्याकडे पोचवतो. नऊ वर्षं उशीर झाला, आणि देताना अजूनही जीवावर येतंय, हेही खरंच.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. कागदावर मात्र काहीच चुकलेलं नाही.