कणगीवरचा टाइपरायटर

…आणि वर म्हणतात कसे, "पवन, पाय जरा वर घेऊन बस, खाली मशीन आहे." अहो, जेवायला बसलोय मी, सख्ख्या बहिणीच्या घरी! दिवाणाखाली टाइपरायटर, फ्रिजवर टाइपरायटर, ताईच्या शालूच्या कप्प्यात टाइपरायटर, मग शालू कुठं, तर बेसिनखाली! तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, प्रज्ञेश त्यांचं नाव, नवलाख उंबऱ्याला कारखान्यात क्वालिटीला आहेत, तळेगावात स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. लग्न ठरवताना आम्ही एवढंच विचारलं ना. पेटीत घालून हातात नेता येतात तसले जुने टाइपरायटर गोळा करता का हो, असं कुठल्या मुलीचा भाऊ विचारतो? बरं, काही लिहितात का त्याच्यावर? छे. इंग्रजीत स्वतःचं नाव बडवायचं, घंटी वाजली की मान डोलवायची, झाकण बंद.

आणि ते मिळवायचं तंत्र! लोणावळ्याचा जुना बंगला विकायला निघाला की राखणदाराचं घर गाठायचं. पहिल्या फेरीला वस्तूकडं बघायचंसुद्धा नाही, चहा प्यायचा, उठायचं. पुढच्या फेरीला नावं ठेवायची. मग घरच्यांनाच तिची लाज वाटायला लागते आणि तेच हात जोडतात, न्या बाबा एकदाचं. "हाव दाखवायची नाही, पवन. हाव दिसली की संपलं."

पण हाव होती हो. मराठी अक्षरांच्या पोर्टेबलची! त्यांच्या टाइपरायटरवाल्यांच्या ग्रुपवर मुंबईचे कुणी गृहस्थ आहेत, ते रोज सकाळी आपल्या मराठी मशीनवर 'शुभ सकाळ' टाइप करून फोटो टाकतात. रोज! दाजींचा चहा तिथंच निवतो. माणूस झोपेत दात खातो, ताई सांगते.

तर कुणीतरी सांगितलं, कार्ल्याला झुंबरबाई म्हणून आहेत, त्यांचे यजमान दत्तोबा लोणावळ्यात बंगल्यावर राखणदार होते, ते वारले, घरात काहीतरी मशीन आहे. गेलो. गाडी मीच चालवायची, कारण दाजींना म्हणे विचार करायचा असतो. घरात शिरलो तर समोर तांदळाची कणगी, कणगीवर झाकण, उंदरानं ते सरकवू नये म्हणून झाकणावर वजन, आणि ते वजन म्हणजे… मी तोंड उघडतोय तोच मांडीला असा चिमटा! मराठी पोर्टेबल! दाजींचे कान लाल, आणि तोंडानं काय, तर "मावशी, इंद्रायणी आहे का विकायला?" तांदूळ घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा तांदूळ. तिसऱ्या रविवारी ताई म्हणाली, "आता तांदूळ आणलात तर तो टाइपरायटरमध्ये भरीन." पण नाही. हाव दाखवायची नाही.

आणि त्या तिसऱ्या फेरीला झुंबरबाईनंच विषय काढला. पदरानं मशीन पुसलं न् म्हणते, "सायेब, तुमी जानते दिसता. ह्ये बगा की जरा. बंगल्याचं सायेब गेलं तवा आमच्या ह्यांना दिलं. म्हनले, दत्तोबा, लय मोलाचं हाय, जपून ठिव. ह्ये मरस्तवर पुसत व्हते. दसऱ्याला झेंडू घालायचे, हळद-कुकू लावायचे. मला हात लावू द्येत न्हवते. खरंच मोलाचं हाय का वो?"

आता तुम्हीच सांगा, काय लागत होतं? 'हो' म्हणायचं. एक अक्षर! बाई पोटच्या पोराला विचारावं तशी विचारतीय, नवरा भिंतीवरच्या फोटोतनं बघतोय. आणि आमचे दाजी चष्मा काढून, कारखान्यात माल नापास करतात त्या आवाजात, "भंगार आहे, मावशी. गंज बघा. रबर गेलं. कुत्रं विचारणार नाही."

बाईनं मशीनवरचा पदर काढून घेतला. मग म्हणाली, "मंजी सायबानं फशिवलं यास्नी."

"तसंच समजा."

तसंच समजा! तिनं फोटोकडं बघितलं न् एवढंच म्हणाली, "येडं रं येडं. जलमभर राबलं न् पुसत बसलं." मी दाजींना डोळ्यांनी खुणावतोय, आता तरी मागा! गाडीत बसल्यावर म्हणतात, "आज मागितलं असतं तर संशय आला असता. पुढच्या रविवारी नेऊ, अडगळ कमी करतो म्हणून." आणि आठवडाभर शीळ घालत होते हो. मुंबईवाल्यासाठी 'शुभ सकाळ'सुद्धा जुळवून ठेवलं होतं.

रविवारी मऊ दुलई घेऊन गेलो. कणगीवर दगड.

"मावशी… ते मशीन?"

"दिलं की! भंगारावर लसून देणारा आलता. त्यो म्हनला, पत्रा येगळा, लोखांड येगळं करून द्या. मंग हातुडा घ्येतला. पयला घाव म्याच घातला, सायेब. लय राग व्हता मनात. धा-पंधरा घातले. आता हलकं वाटतंय बगा."

अंगणात कोंबड्या काहीतरी टोचत होत्या. दाजी गुडघ्यांवर बसले, कोंबडी हाकलली, मातीतनं एक अक्षर उचललं. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडातनं खरं बाहेर पडलं. रडतच म्हणाले, "मावशी, मी खोटं बोललो. ते फार मोलाचं होतं. दत्तोबांना कुणी फसवलं नव्हतं."

झुंबरबाई जवळ आली, दाजींच्या पाठीवरनं हात फिरवला न् म्हणाली, "देव तुमचं भलं करो, सायेब. माजं मन राखाय आता खोटं बोलताय व्हय? नगा. तुमी खरं सांगितलंत म्हनून तर मोकळी झाले मी." आणि अर्धा लसूण त्यांच्या दुलईत बांधून दिला.

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, काही नाही. लसूण निवडता निवडता एकच विचारलं, "त्या लसूणवाल्याचा नंबर आहे का हो?" होता. मशीनचे तुकडे शोधायला म्हणून झुंबरबाईकडनं घेतलाच होता. दाजींनी काढून दिला आणि आत जाऊन झोपले.

बघा, कुणाला लसूण लागला तर न्या. संकोच करू नका. आमच्याकडं आता दोन पावसाळे पुरेल.