पाहुण्यांच्या मोटारीचे दिवे

ऐका तर. अमळनेरजवळच्या एका गावात होते आमचे आबा, त्यांची बायको म्हणजे मी, आणि आमची उपवर लेक सुमन. धुळ्याचे पाहुणे तिला बघायला मोटारीनं आले. आत पोहे चालले होते, तेव्हा आबांना बाहेर दिसलं की मोटारीच्या दिव्यांचं प्लास्टिक पिवळट पडलंय. समया घासतात तसं त्यांनी ते राखेनं आणि काथ्यानं घासलं, आणि कौतुकानं सगळ्यांना बोलावलं.

"देखा नाना, बठ्ठं चकाचक करी टाकं!"

दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे पांढरे पडले होते. मुलाचे वडील, नाना, म्हणाले, "आबा, आता अंधारात घरी कसं जायचं?"

आबांनी राखेचे हात धोतराला पुसले. शरमेनं माझी मान वर होईना. हे स्थळ गेलंच, असं वाटलं.

मुलगा मात्र हसला. "टूथपेस्ट आहे का? तिनं घासलं की चरे निघतात."

सुमननं शेजारच्या गुरुजींकडून आणली. एका दिव्यापाशी तो बसला, दुसऱ्यापाशी ती, फडक्यानं घासत. त्या काळी मुलीला नाव-शिक्षण विचारलं की आत पाठवायचे. हे दोघं बोलतच बसले. नानांनी हाका मारल्या तरी मुलगा उठेना.

शेवटी नाना म्हणाले, "आबा, पोरं काही उठत नाहीत. तोवर आपण सुपारी फोडून घेऊ."