मालकांचा रामराम आणि पंपाची बोंब

चहा घ्या, तोवर त्या पंपाचं सांगते. बारामतीच्या दवाखान्यात आमच्या मालकांना केमो चालू हाय. औषध पंपातनं नळीनं हातात जातं. जरा अडलं की पंप बोंबलतो आणि औषध थांबतं. त्या दिवशी तो सारखाच बोंबलत होता. सिस्टर यायची, बटण दाबायची, तिची पाठ फिरली की पुन्हा टीं टीं. मालक वैतागून म्हणाले, "पुढच्या बारीला मी येत न्हाय. घरी मेलेलं बरं."

मी म्हणलं, "मरा, पण आधी हात सरळ ठेवा."

कारण मी बघत बसले होते. आमच्या गावची, वरकुट्याची माणसं भेटायला येत होती आणि हा गडी प्रत्येकाला हात जोडून रामराम घालत होता. सुई नेमकी कोपराच्या घडीत. शेतात ठिबकची नळी मुडपली तर पाणी पुढं जाईल व्हय?

भात वाढायला लाकडी उलथनं आणलं होतं. हे हाताला बांधू का, सिस्टरला विचारलं, तर ती हसली. "बांधा, पण सैल." पंच्यानं कोपराखाली बांधलं. पंप गप.

तेवढ्यात चुलतसासरे आले. मालकांचा हात उठंना.

"काय रं, रामराम घालायला बी जड झालं का?"

मी म्हणलं, "तात्या, तुमचा रामराम औषध संपल्यावर मिळंल."

औषध वेळेत संपलं. जिना उतरताना मालक हळूच म्हणाले, "पुढच्या बारीला उलथनं इसरू नगंस."