गेलेल्या पाटीलकीची सून

माझं माहेर रानशेतचं, आनि दिली सायवनच्या पुढं, डोंगराच्या कडंला, पाटलाच्या घरात. बाप लई खूश, पोर पाटलाकडं चालली म्हनून पाडाभर सांगत फिरला. पन काय सांगू तुमाला ताई, मी त्या घरात पाऊल टाकलं तवा पाटीलकी सरलीच व्हती. बापाकडून पोराकडं जानारी पाटीलकी सरकारनं बंद केली, अर्ज करनाऱ्यातला एक पोलिस पाटील नेमला, तोबी दुसऱ्या पाड्याचा. आमच्याकडं नाव तेवढं ऱ्हायलं. नाव आनि जमीन.

पन सासरे कुठं मानतात! ओटीवर बसायचे, कुनाचा बांधाचा तंटा, कुनाची सून माहेरी जाऊन बसलेली, सगळे त्यांच्याकडंच येनार, आनि आले की जेवूनच जानार, पाटलाच्या घरून उपाशी कोन जातं. आतमदी मी आनि माझी धाकटी जाऊ, सखू. नागलीच्या भाकरी थापून थापून हात भाजायचे. सखू म्हनायची, बाय, पाटील ते आनि राबायला आपन. असं म्हनून हसायची. तिला हसायची लई सवय.

मंग सासरे गेले. पेरनीच्या आधी गावदेवाची पूजा आली. तिथला पयला नारळ पाटलानं फोडायचा, पाटीलकीतलं तेवढंच उरलं व्हतं. माझा मालक थोरला, तो नारळ घेऊन गेला तर दीर आधीच देवापुढं उभा. दीर म्हनाला, बाबांनी मरताना मला सांगितलं, तू फोड. मालक म्हनाले, खोटं बोलतोस. भगत मधी पडला, पन गावादेखत हातघाई झाली, पूजा तशीच टाकून मानसं उठून गेली. तवापासून दोघं भाऊ बोलले नायत. अंगनात मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड घातला, आनि आमा बायकांनाबी सांगितलं, तिकडं बोलायचं नाय. कशापायी, तर जी पाटीलकी नव्हतीच तिच्यापायी.

मी आनि सखू विहिरीवर बोलायचो, आजूबाजूला कुनी नसलं की. वरसं तशीच गेली. मंग एका पावसाळ्यात सखू पान्याला येईना. कुडापलीकडून कन्हन्याचा आवाज यायचा. मी मालकाला म्हनलं, जाऊन बघते. ते म्हनाले, त्यानं येऊन सांगू दे. आनि तो कसला येतोय, तोबी पाटलाचाच पोरगा. मला भाकरी गोड लागंना. शेवटी विळा घेतला, कुडाचे बंद कापले आनि पलीकडं गेले. दीर दारात डोकं धरून बसलेला. मी म्हनलं, भावजी, जीप तुमी बोलवता का मी बोलवू? त्यानं मान वर केली नाय, पन उठला.

डहाणूला दवाखान्यात नेताना सखूचं डोकं माझ्या मांडीवर. अंग नुसतं भट्टी. म्हनाली, बाय, तू आलीस, आता घरात बोलनी खाशील. तेवढंच बोलली. डॉक्टर म्हनाले, आधी आनायची व्हती. सखू तिथंच गेली.

तिच्या मातीला माझा मालक आला, भावाच्या बाजूला उभा ऱ्हायला. दोघंबी चितेच्या जाळाकडं बघत व्हते.

फुडल्या साली गावानं नारळाचं विचारलं. मालक म्हनाले, त्याला द्या. दीर म्हनाला, मला नको. मंग गाव कुनालाबी द्यायला लागलं. औंदा खालच्या पाड्यातल्या एका बाईनं फोडला, चांगला फुटला.

मालकबी गेले आता. दीर म्हातारा झाला, त्याला दोन वेळचं मीच वाढते. सखूचं नाव आमी दोघंबी काढत नाय. माझा पोरगा डहाणू रोडला लॉजवर कामाला, तिथं पाटील म्हनून हाक मारली की दोघं-तिघं वळून बघतात म्हनं, आडनावच हाय ते. मी म्हनते, बरं झालं बाबा. त्यातला एक होऊन सुखानं ऱ्हा. तुमीबी सुखी ऱ्हावा, ताई. मला आता जरा पडू द्या.