धावपट्टीवरचे बिबडे आणि केबिनमधून गेलेला फोन

नाव : भिकुबाई जीवराम नारखेडे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांदा बिबडे मागताना हवालदार बन्सीलाल यांना हे नाव पाठ होते. आज दोनदा विचारले म्हणून दोनदा सांगितले. वय : अंदाजे सत्तर. धंदा : शेती व घरकाम. राहणार : सोनपिंपळखेडे, तालुका पाचोरा, जिल्हा जळगाव. तारीख २४ एप्रिल १९९१.

समक्ष विचारल्यावरून लिहून देते, म्हणजे मी सांगते व हवालदार लिहितात, ते असे की,

आमच्या गावाच्या उत्तरेला विमान उतरण्याची डांबरी पट्टी आहे. ती आधी एका सरकारी खात्याकडे होती. तेथे चुडामण निंबा हा अकरा वर्षे रोजंदारीवर राखणदार आहे. तो माझ्या नात्यातला नाही. त्याची आई वारल्यापासून त्याची दुपारची भाकरी माझ्याकडून जाते, पण ते या प्रकरणात येत नाही.

पट्टीवर दर चैत्रात गावातल्या बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालतात. ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या धोतरावर थापायचा, त्याला मोकळे ऊन व स्वच्छ जागा लागते. आमच्या हातात काठ्या असतात, त्यामुळे कुत्री, शेळ्या, कावळे पट्टीवर येत नाहीत. विमान वर्षातून चार-पाच वेळा येते. त्याआधी तासभर जळगावहून चुडामणच्या केबिनमध्ये फोन येतो, चुडामण लाल फडके हलवतो, चार-चार बायका धोतराची टोके धरून उचलतात व पट्टी मोकळी होते. अकरा वर्षांत एकाही विमानाला थांबावे लागले नाही.

या महिन्याच्या एक तारखेपासून सरकारने विमानतळ प्राधिकरण स्थापन केले. हा शब्द बोलायला मला तीन दिवस लागले. हवालदारांनाही लिहायला आता थोडा वेळ लागला. शाळेत सभा झाली. नवे मोठे साहेब म्हणाले की, प्राधिकरण पट्टी वाढवील, मुंबईचे रोजचे विमान सुरू करील, जुन्या माणसांना कायम करील, आणि विमानतळ आता लोकांचा आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग लोकांच्या जागेवर वाळवण घातले. फाटकावर मनाईची पाटी होती म्हणतात. मला अक्षर येत नाही. आमच्यातल्या पुष्पाबाईला येते, पण तिच्या डोक्यावर घाट्याचे पातेले होते.

काल मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास विमान एकदम डोक्यावर आले. फोन आला नव्हता. चुडामण फाटकाकडून धावत आला व "अक्का, बठ्ठं उचला" एवढेच बोलला. सगळे उचलायचे तर घाटा ओला होता. विमानाने दोन घिरट्या घातल्या, तिसऱ्या वेळी उतरले. कोणाला इजा नाही. कडेचे एक धोतर उचलायचे राहिले. सभेतले तेच मोठे साहेब उतरले तेव्हा त्यांच्या बुटाला तीन बिबडे चिकटले, ते आम्ही परत मागितले नाहीत. वैमानिकाने एक ओलाच खाल्ला व "और है?" असे विचारले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग त्याने विचारले नाही.

साहेबांनी चुडामणला विचारले, कोणाच्या परवानगीने? मी बोलणार तोच चुडामण हळूच म्हणाला, "राहू दे अक्का. तो साहेब शे." म्हणून मी गप्प बसले. ती माझी चूक. संध्याकाळी कायम करण्याच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले, आणि बायकांकडून बिबडे घेऊन त्याने फाटक उघडले अशी तक्रार ठाण्यात आली. आज सकाळपासून तो ठाण्यातल्या बाकावर बसला आहे, बिबडेही जप्त आहेत.

बिबडे त्याने खाल्ले हे खरे. आधीच्या खात्याच्या साहेबांनी खाल्ले, गावच्या मास्तरांनी खाल्ले, आणि लिहिणाऱ्या हवालदारांचे वर आलेच आहे. तो गुन्हा असेल तर ठाण्यातला बाक पुरणार नाही.

फोनचे असे, की तो गेल्या गुरुवारी प्राधिकरणाच्या माणसाने भिंतीवरून काढून जळगावच्या नव्या कचेरीत नेला. साहेबांच्या टेबलावर फोन नव्हता. चुडामणने त्याची पोच लिहून घेतली. केबिनमध्ये उंदीर फार, म्हणून तो कागद माझ्या डब्यात ठेवायला दिला. गोल जांभळ्या शिक्क्यावरून मी ओळखते. कनवटीला लावून आणला तो आता हजर केला आहे. हवालदारांनी वाचून दाखवला : १८ तारीख, टेलिफोन यंत्र एक, खाली साहेबांची सही. मग काल विमान येत असल्याचे चुडामणला कशावर कळवायचे होते, ते साहेबांना विचारावे. चुडामण सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

यानंतर हवालदारांनी चुडामणला बाकावरून उठवून खुर्चीवर बसवले. हे लिहायची गरज नाही असे ते म्हणाले. मी लिहायला लावले. कागदाची नक्कल ठाण्याने घ्यावी, मूळ माझ्या डब्यात जाईल.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. हवालदारांनी स्वतःचे बिबडे दोन्ही ठिकाणी गाळले होते, ते परत घालून घेतले. आता मी बोलले तसेच आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते.

अंगठ्याखाली एवढे लिहावे : जप्त केलेले बिबडे साहेबांकडे पुराव्याला पाठवायचे तर कच्चेच पाठवा, तळलेले जळगावपर्यंत मऊ पडतात. आणि चुडामण सकाळपासून उपाशी आहे, तरी पुष्पाबाईला निरोप द्या की माझ्या घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी व मिरचीचा ठेचा पाठव. दोन त्याच्या. तिसरी हवालदारांना, नाहीतर माझे नाव परत विसरतील.