परसादाला वांगं म्हणत नाहीत

लढाईमुळे मोटारीला पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सखाहरी आणि त्याची बायको मनकर्णा श्रीगोंद्याच्या डॉक्टरकडून गनीभाईच्या टांग्यातून गावी परतत होती. सखाहरीचं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. गनीभाईचे डोळे वाटेवर होते आणि कान मागे.

"डॉक्टरनं इचारलं, वांगं खाल्लं का. तुमी न्हाई का म्हनालात?"

"खाल्लंच न्हाई, तर व्हय कसं म्हनू?"

"अवो, काल चंपाषष्ठीला परातभर भरीत कुनी खाल्लं?"

"त्यो खंडोबाचा परसाद. परसादाला वांगं म्हनत्यात व्हय?"

"मी सांगाया लागले, तर सुजल्या डोळ्यांनीबी वटारून बघितलंत. मागल्या चंपाषष्ठीलाबी घसा आवळून जीव जायाची पाळी आली हुती."

"देवाचा कोप हाय. म्हनून तर औंदा निवद दुप्पट केला."

"आन् चातुर्मासात आपन वांगं खात न्हाई, तवा कसं बरं ऱ्हातं तुमाला?"

"तवा देव निजलेला असतो. त्याचं ध्यान नसतं माझ्याकडं."

टांगा ओढा ओलांडून वर आला.

"सुई टोचल्यावर लई हलकं वाटतंय बग. त्या फडक्यात काय हाय?"

"डॉक्टरला दावाया भरीत-रोडगा आनला हुता. दावू कुठं दिलात?"

"आन हिकडं. परसाद माघारी न्यायचा नसतो. दोन घास खाल्ले की सुईबी लागू पडंल."

"अवो, नगा. सोडा ते फडकं."

मागे थोडी ओढाताण झाली, मग भाजल्या वांग्याचा वास आला आणि मचमच ऐकू आली.

गनीभाईनं लगाम ओढला आणि टांगा माघारी श्रीगोंद्याकडे वळवला.