गडग्यावरची बाटली

—आलेखावर खाली एकटा पडलेला तो ठिपका ना? तो तुमच्या बीअरचा नाही. तुमचे हे सगळे, रेषेला धरून बसलेत ते. मशीन निळा प्रकाश टाकतं, बीअरमधलं बी-टू जीवनसत्त्व त्यानं हिरवट चमकतं, आणि नव्वद बाटल्या मोजून मी जे मॉडेल बसवलंय ते त्या चमकेवरून जीवनसत्त्वाचा आकडा सांगतं. बसा ना, रिपोर्ट छापून होतोय — लेबलावर घालणार म्हणालात ना आकडा? हां.

तो ठिपका सर्वेशचा. माझा धाकटा भाऊ, इथल्या मांडवी बंदरातूनच मासेमारीच्या ट्रॉलरवर जायचा. त्यालाही असाच कागद दाखवला होता मी — गंमत म्हणून हो, बघ, तुझ्या बीअरमध्ये जीवनसत्त्व आहे. त्यानं तो बोटीच्या केबिनमध्ये चिकटवला. जेवायला बस म्हटलं की म्हणायचा, ताईनं मोजलंय, यात सगळं असतं. सगळं नसतं, अगदी थोडं असतं, हे मी सांगितलं का त्याला? नाय सांगितलं. नुसती हसले. मग कावीळ झाली, पोटात पाणी झालं, गेला.

आता आई दर अमावास्येला घरामागच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, त्याचं जेवणाचं पान ठेवते, बाजूला बीअर, झाकण काढून. पहिल्याच वेळी संध्याकाळी बाटली माझ्या हातात दिली — "तुजी मशीन सांगते ना बाटलीत काय हाय ता? मंग बघ, त्यानं घेतलान काय." बघितलं. जीवनसत्त्व निम्मं. उन्हानं जातं ते, पांढरी काच होती, मला ठाऊक आहे, शिकलेली बाई मी — पण आईला म्हटलं, घेतलान गं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग मलाच राहवेना. गेल्या अमावास्येला दोन बाटल्या ठेवल्या, दोन्हींना ऊन लागू नये म्हणून काळा कागद, एक त्याच्या पानाशी, एक गडग्याच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी जशीच्या तशी आली. पानाजवळचीत जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच — तोच ठिपका बघताय तुम्ही. पाच वेळा मोजली. मॉडेल चुकलं असेल म्हणता? नव्वद बाटल्यांना नाही चुकलं ते. अजून माझ्या शब्दावर पितोय हो तो.

हा घ्या रिपोर्ट. आकडा बरोबर आहे. फक्त लेबलावर छापू नका — वाचून खरं मानणारं कोणीतरी असतं. नाही, आता काही विचारू नका. निघा तुम्ही, मला मशीन बंद करायचंय.